चालता गृहस्थाश्रम

गृहस्थ म्हणजे घरात राहणारा, अशी या शब्दाची फोड कुणीही करील. पण ज्या कुटुंबाचे घर सकाळी मोडते आणि संध्याकाळी नव्या जागी उभे राहते, त्या कुटुंबाच्या कर्त्याला गृहस्थ म्हणायचे का? आश्रमव्यवस्थेच्या रूढ मांडणीत एका जागी राहणे गृहस्थाच्या वाट्याला आले आणि फिरणे संन्याशाच्या. परिव्राजकाने चातुर्मास्य सोडून एका गावी फार दिवस मुक्काम करू नये. गृहस्थाने अग्नी सांभाळावा, अतिथीला जेवू घालावे, पितरांचे श्राद्ध करावे. मनुस्मृती बाकीच्या तिन्ही आश्रमांचा भार गृहस्थावर टाकते, तेव्हा तो ठरल्या जागी सापडेल हे तिने धरूनच चाललेले असते. बायकामुले, गुरेढोरे, भांडीकुंडी यांच्यासह जन्मभर वाटेवर असणारे लोक या चौकटीत बसत नाहीत. त्यांनी काहीच त्यागलेले नसते, म्हणून ते संन्यासी नव्हेत. आणि त्यांना उंबरठा नसतो, म्हणून गृहस्थ म्हणून त्यांची दखल घेतली जात नाही.

ही चौकट मात्र वाटते तितकी जुनी नाही. शतपथ ब्राह्मणात शर्यात मानव या राजाची कथा आहे. तो आपल्या ‘ग्रामा’सह फिरत होता, असे तिथे म्हटले आहे. आज ग्राम म्हणजे गाव, आणि गाव काही फिरत नाही. त्या काळी हा शब्द माणसांच्या आणि गुरांच्या चालत्या समूहालाही लागत असे. मुक्काम पडल्यावर त्या ग्रामातली पोरे खेळू लागली आणि जीर्ण होऊन पडलेल्या च्यवन ऋषीला त्यांनी ढेकळे मारली. ऋषी रागावला, ग्रामात कलह माजला, आणि कुणी काय केले हे शर्याताला आपल्या गुराख्या-मेंढपाळांना विचारावे लागले. अखेर सुकन्या ही आपली मुलगी च्यवनाला देऊन तो पुढच्या वाटेला लागला. कथा सुकन्येची म्हणून प्रसिद्ध आहे. पण तिच्या पार्श्वभूमीला पोरेबाळे, लग्नाची मुलगी, गुराखी आणि भांडणे घेऊन चाललेला आख्खा संसार आहे.

‘योगक्षेम’ हा शब्दही त्याच वाटेवरचा. आज तो भगवद्गीतेमुळे आणि आयुर्विम्याच्या बोधवाक्यामुळे परिचित आहे, आणि त्याचा अर्थ पोटापाण्याची काळजी एवढाच उरला आहे. योग म्हणजे जोडणे, जनावर जुवाला जुंपणे; क्षेम म्हणजे निवांत वस्ती. वैदिक वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या जोडशब्दाच्या मुळाशी चालण्याचे आणि थांबण्याचे दिवस पाहिले आहेत. जुंपलेले दिवस आणि सोडलेले दिवस मिळून कुटुंबाचे आयुष्य होते. मराठीने तर संपूर्ण घरदारालाच ‘संसार’ म्हटले आहे, आणि त्या शब्दाच्या पोटात ‘सृ’ म्हणजे सरकणे, वाहणे हा धातू आहे. संसार थाटणारा माणूस तो एका जागी थाटतो आणि त्यासाठी शब्द वापरतो सरकण्याचा.

चालत्या घराचा विचार सर्वांत बारकाईने तैत्तिरीय संहितेच्या तिसऱ्या कांडात आढळतो. अग्निहोत्र ठेवणारा गृहस्थ एखाद्या ठिकाणी दहा रात्री राहिला आणि मग कुटुंबासह निघाला, तर निघण्यापूर्वी त्याने वास्तोष्पतीला, म्हणजे वस्तीच्या अधिपतीला, आहुती द्यावी.  ती न देता निघाला, तर रुद्र त्याच्या मागे लागतो. ही आहुती नेमकी कधी द्यायची? गाडी जुंपल्यावर दिली, तर माणूस निघून गेलेला असतो आणि आहुती सोडलेल्या जागी पडते. जुंपण्यापूर्वी दिली, तर तो अजून क्षेमात असतो, तेव्हा निघतानाची आहुती झालीच नाही. यावरचा तोडगा असा: उजवा बैल जुंपलेला असावा, डावा मोकळा असावा, आणि त्या क्षणी आहुती द्यावी. एका खांद्यावर जू, दुसरा खांदा रिकामा. राहणे आणि जाणे यांच्या मधला तो क्षण त्या विधीने गाडीच्या जुवावर पकडला आहे.

मग अग्नीचे काय? चुलीतला विस्तव सोबत नेता येतो, पण विधीचा अग्नी? त्यासाठी ‘समारोपण’ सांगितले आहे. अग्नी अरणींत, म्हणजे मंथनाच्या लाकडांत, चढवावा किंवा यजमानाने स्वतःत चढवून घ्यावा, आणि नव्या मुक्कामी पुन्हा प्रकट करावा. यामागची धारणा अशी की यजमान हाच अग्नीचे जन्मस्थान आहे. घर कुठे असते, या प्रश्नाला इतके थेट उत्तर नंतरच्या ग्रंथांत क्वचितच मिळते. अग्नी भिंतींचा नाही, माणसाचा आहे, आणि माणूस चालू लागला की तो त्याच्यासोबत चालतो.

बौधायन धर्मसूत्रातही या समजुतीची खूण राहिली आहे. गृहस्थांच्या प्रकारांत तिथे शालीन, यायावर आणि चक्रचर असे भेद केले आहेत. शालेत म्हणजे घरात राहतो तो शालीन. हा शब्द आज सभ्य, विनयशील या अर्थाने मराठीत रुजला आहे, आणि घरात राहण्याचा सभ्यतेशी जोडलेला संबंध त्यातून उघड दिसतो. यायावर या शब्दाचे सूत्रकाराने दिलेले स्पष्टीकरण मात्र गौरवाचे आहे: श्रेष्ठ वृत्तीने जातो तो यायावर. विदर्भाशी नाते सांगणारा संस्कृत कवी राजशेखर आपले कूळ यायावर असल्याचे अभिमानाने सांगत असे आणि ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात स्वतःचे मत ‘यायावरीय’ या नावाने नोंदवत असे. यायावर शब्दाला आलेला भटकेपणाचा उणा वास फार नंतरचा.

ग्रंथांतला हा यायावर प्रत्यक्षात कसा जगतो, हे पाहायला लमाणांच्या तांड्याइतके भरघोस उदाहरण नाही. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने 1632 साली उत्तर हिंदुस्थानात एक तांडा पाहिला. धान्य लादलेले सुमारे 14,000 बैल आणि त्यांच्याबरोबर बायका-मुलांसह सहा-सातशे माणसे. घरचे सारे बरोबर घेऊन हे लोक सतत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात आणि बैल त्यांच्या स्वतःच्या मालकीचे असतात, हे त्याने मुद्दाम लिहून ठेवले. धान्य, मीठ, डाळी गोणींतून वाहणाऱ्या या लोकांच्या पाठीवर सैन्ये आणि शहरे जगत होती. अन्नाची ने-आण करणाऱ्याने गृहस्थाचा अन्नदानाचा धर्म पाळला नाही, असे कोण म्हणेल? तांड्याला नायक होता, कारभारी होता, भांडणे सोडवणारा नसाब होता. जन्म, लग्न, मरण, सारे तांड्यातच होत असे.

देवही तांड्याबरोबर चाले. एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडच्या नोंदींत देवाला वाहिलेल्या एका बैलाचे वर्णन आहे. त्याच्या पाठीवर कधीच ओझे चढत नसे. अंगावर तांबड्या रेशमाच्या पट्ट्या, गळ्यात आणि पायांत कवड्यांच्या माळा, घुंगरे. तो तांड्याच्या पुढे चाले आणि तो जिथे बसेल तिथे त्या दिवसाचा मुक्काम पडे. अडचण आली, कुणी आजारी पडले, की त्याच्याच पायांशी नवस बोलला जाई. यात भाबडेपणा पाहणारे पाहतात. पण गावात आधी जागा ठरते आणि मग तिथे देव बसवला जातो. तांड्यात देव बसतो आणि त्यामुळे ती जागा घर ठरते. वास्तुशास्त्रात जे काम दिशा आणि मुहूर्त करतात, ते इथे दमलेला एक बैल करतो. शिवाय तो दमल्यावर सारा तांडा थांबतो. गरोदर बाईला, म्हाताऱ्याला आणि तान्ह्या मुलाला त्या थांबण्यातच विसावा मिळतो.

घर आणि धर्म यांच्यात निवड करायची वेळ आली, तर काय करावे? लखीशाह बंजारा याने 1675 साली त्याचे उत्तर दिले. दिल्लीत गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाल्यावर त्यांचे धड त्याने आपल्या मालवाहू गाड्यांच्या आडून रायसीना येथील घरी नेले आणि उघड अंत्यसंस्कार शक्य नसल्याने घरालाच आग लावली. त्या जागी आज गुरुद्वारा रकाबगंज साहिब उभा आहे. व्यापारी असल्याने त्याचे पक्के घर होते; ते जाळून तो बेघर झाला, असे शीख परंपरा कधी म्हणत नाही.

गाडिया लोहारांची गोष्ट अधिक अवघड आहे. 1568 मध्ये चित्तोड पडल्यावर त्यांच्या पूर्वजांनी प्रतिज्ञा केली, असे परंपरा सांगते: गड परत मिळेपर्यंत गडावर पाऊल ठेवायचे नाही, घरात राहायचे नाही, दिवा लावायचा नाही, खाटेवर झोपायचे नाही, पाणी शेंदायला दोर ठेवायचा नाही. म्हणून त्यांच्या गाडीवर खाट असते, पण उलटी, पाय वर करून ठेवलेली. त्या उलट्या खाटेवर भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लहान मुले असा सारा संसार लादलेला असतो. घरातली सर्वांत साधी वस्तू त्यांच्याकडे आहे, आणि ती न वापरणे हाच त्यांचा कुळाचार.

इथे धर्मविचाराला एक खरा पेच आहे. व्रत संकल्पाने सुरू होते आणि संकल्प ज्याचा त्याने करायचा असतो. गाडीखाली जन्मलेल्या मुलाने कोणताही संकल्प केलेला नाही. पूर्वजांचे ऋण त्याच्यावर आहे हे मान्य, पण पूर्वजांची शपथही त्याच्यावर बंधनकारक आहे का? 6 एप्रिल 1955 रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी गाडिया लोहारांना चित्तोडच्या गडावर नेले आणि प्रतिज्ञा पूर्ण झाल्याचे मानले गेले. त्यानंतरही असंख्य कुटुंबे गाडीवरच राहिली. व्रत सुटले तरी जमीन मिळाली नव्हती, आणि लोहारकाम गावोगावच्या गिऱ्हाइकांवर चालत होते. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या व्रतात श्रद्धा किती आणि नाइलाज किती, हे पाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. तरीही ‘आम्ही घर सोडले’ आणि ‘आम्हाला घर मिळाले नाही’ या दोन वाक्यांत माणसाच्या प्रतिष्ठेचे अंतर आहे. पहिले वाक्य जपण्यासाठी त्या लोकांनी खाट चारशे वर्षे उलटी ठेवली.

हा भेद न पाहणारा कौतुकाचा सूर घातक ठरतो. बीड-अहिल्यानगरकडची कुटुंबे ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कारखान्याच्या आवारात किंवा फडाशेजारी कोपी उभारायची असते, आणि म्हातारे आईबाप व शाळेतली काही मुले गावीच मागे राहतात. इथे योग आहे, जू आहे, क्षेम नाही. तांडा चालताना अख्खा चालत असे. कोयता चालतो तेव्हा घर दुभंगते. कुटुंब फिरते एवढ्यावरून त्याला यायावर म्हणता येत नाही. सूत्रकाराने वृत्तीला ‘श्रेष्ठ’ हे विशेषण जोडले होते, ते त्यासाठीच महत्त्वाचे.

स्थिर समाजाने फिरत्या कुटुंबांवर केलेला अन्याय तर कायद्यात लिहिलेला आहे. 1853 नंतर रेल्वेने तांड्यांचा व्यापार हिरावला आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात अशा लोकांना ठेवण्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. ज्यांनी कधी दार लावले नव्हते, त्यांच्याभोवती कुंपण आले. कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पत्ता नसलेला माणूस संशयित, ही समजूत मात्र रेशनकार्डाच्या रांगेत अजून भेटते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीतही ती आहे: बिऱ्हाड पाठीवर घेणारा म्हटला की विंचूच आठवतो.

महाराष्ट्रातल्या लोकदैवतांनी स्थिर आणि फिरत्या घरांमधला हा वाद वेगळ्या रीतीने मिटवला. धनगरांच्या बोलीत ‘वाडा’ म्हणजे चौसोपी हवेली नव्हे. मेंढरे, घोडी, कुत्री आणि बायकापोरांसह फिरणाऱ्या काही कुटुंबांचा तळ म्हणजे वाडा. शेतकरी आपल्या रानात तो बसवून घेतो, कारण मेंढरांच्या लेंड्यांनी जमीन कसदार होते. या धनगरांचा जावई खंडोबा. त्याच्या दोन बायका: म्हाळसा वाण्याची, दुकानाच्या आणि उंबरठ्याच्या जगातली, बाणाई धनगराची, मेंढरांमागे रानोमाळ हिंडणाऱ्यांतली. बाणाईसाठी देवाने धनगराच्या घरी चाकर राहून मेंढरे राखली, असे वाघ्या-मुरळी जागरणात गातात. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाशेजारी गाभाऱ्यात आहे. बाणाईचे देऊळ पायऱ्यांच्या अर्ध्या वाटेवर आहे, आणि वर जाणारा भाविक आधी तिच्यापुढे भंडारा उधळतो.