अंगणवाडी सुटल्यावर

कोपरखैरण्याहून पनवेलकडे जाणारी लोकल पकडली की बेलापूर अर्ध्या तासाच्या आत येतं. तिथल्या रायगड भवनात एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचं राज्य आयुक्तालय आहे. 553 प्रकल्प आणि सुमारे 1 लाख 10 हजार अंगणवाड्या या कार्यालयाच्या हाताखाली चालतात. मेळघाटातल्या मुलाचं वजनही शेवटी इथल्याच तक्त्यात येऊन बसतं. कोपरखैरण्याच्या सेक्टरांनी वेढलेलं बोनकोडे गाव या कार्यालयाला इतकं जवळ, की राज्याचं बालधोरण नीट चाललेलं कुठे पाहायचं तर इथेच पाहावं. पण या गावठाणातल्या नोकरदार आईला पडणारा प्रश्न त्या तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात सापडत नाही. दुपारनंतर माझं मूल कोणाकडे?

बोनकोडे हे मूळचं आगरी-कोळ्यांच्या पट्ट्यातलं गाव. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात आल्या. 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. शेती गेल्यावर नवी मुंबईच्या गावठाणांत खोल्यांचं भाडं हेच पीक उरलं. या खोल्यांत राहणारी माणसं पावणे-महापेच्या कारखान्यांत जातात, वाशीच्या बाजार समितीत माल उचलतात, शेजारच्या सोसायट्यांत धुणीभांडी करतात. आजी गावाला, सातारा नाहीतर बुलढाण्याकडे. घरभाडं एकाच्या पगारात भागत नाही, म्हणून दोघंही बाहेर.

अंगणवाडी दिवसाचे साधारण चार तास. त्यानंतर मूल गल्लीतल्या एखाद्या मावशीकडे. तिची एक खोली, आठ-दहा पोरं, महिन्याला ठरलेले पैसे. चार पैसे जास्त असले तर इमारतीच्या तळमजल्यावरचा प्ले ग्रुप, भिंतीवर मिकी माऊस आणि दारावर इंग्रजी पाटी. तेही नसेल तर नऊ वर्षांची थोरली बहीण. ती त्या दिवशी शाळेत नसते, एवढंच.

1975 च्या 2 ऑक्टोबरला ही योजना सुरू झाली तेव्हा तिच्यात सहा सेवा ठरल्या: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषणाचं शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. पाच सेवा शरीरासाठी, एक डोक्यासाठी. भुकेचा तो काळ पाहता त्यात गैर काही नव्हतं, आणि कुपोषण आजही संपलेलं नाही. पण ‘सांभाळणं’ ही सातवी सेवा त्या यादीत नाही. ते काम आईचं, नाहीतर सासूचं, असं सरकारने न बोलता धरून चाललं.

हे गृहीतक महाराष्ट्रातच, तेही त्याच्या तीस वर्षं आधी, खोटं ठरलं होतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. 1945 साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी विकासवाडी उभी केली, तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. हे दयेपोटी नव्हतं. कडेवर भावंड घेतलेली मुलगी वर्गात बसू शकत नाही, हे त्यांना दिसलं होतं. धाकट्याला ठेवायला जागा झाली की थोरली शिकते, हा त्यांचा सरळ हिशेब होता. सरकारने पुढे त्यांची अंगणवाडी घेतली. पाळणाघर कोसबाडलाच राहिलं.

आज सहा वर्षांच्या आतलं मूल दोन खात्यांत विभागलेलं आहे. अंगणवाडीत गेलं तर महिला व बालविकास विभागाचं. खासगी नर्सरीत गेलं तर शालेय शिक्षण विभागाचं, तेही अलीकडे आणि अर्धवट. 1996 साली पूर्वप्राथमिक प्रवेशांवर कायदा झाला, कारण तेव्हा ओरड तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखतींची होती. खासगी केंद्रांनी पोर्टलवर नोंद करावी, असं सांगायला 2025 साल उजाडलं. मावशीच्या खोलीतलं दीड वर्षाचं पोर मात्र दोघांच्याही मधल्या फटीत पडलेलं. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात आया दहा महिन्यांच्या मुलीला मारत असल्याचं चित्रण वाहिन्यांवर दिसलं, तेव्हा राज्य हादरलं. पाळणाघर काढायला परवानगी कोणाची लागते, याला त्या दिवशी धड उत्तर नव्हतं.

कायद्यातही असंच निसटतं बोललं आहे. 2002 च्या घटनादुरुस्तीनंतर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण कलम 45 मध्ये गेलं, पण ‘राज्य प्रयत्न करील’ एवढ्याच शब्दांत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 11 तर सरकारला ‘व्यवस्था करता येईल’ म्हणतं. याच कलमाचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. त्या शिकवतात, हे कोर्टाला पटलं. पण 10 हजारांच्या मानधनावरच्या महाराष्ट्रातल्या सेविकांना त्यानंतरही डिसेंबर 2023 पासून 52 दिवस संप करावा लागला.

देशाबाहेर काही सरकारांनी दोन खात्यांमधली ही फट बुजवली. न्यूझीलंडने 1986 मध्येच पाळणाघरं समाजकल्याणाकडून शिक्षण खात्याकडे आणली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने 2005 साली संगोपन आणि पूर्वशिक्षण यांचं एकच खातं केलं. आपल्याकडेही असं खातं करा, असं सांगून लेख संपवणं सोपं आहे. मला भीती आहे ती वेगळीच. आपलं नवं खातं पहिल्या दिवशी परवाने काढील, चौरस फूट मोजील, अग्निशमनाचा दाखला मागील. गावठाणातली एकही मावशी त्यात बसणार नाही. तिची खोली बंद होईल, पोरं कुठे गेली हे कोणी विचारणार नाही, आणि प्ले ग्रुपवाला दाखला मिळवून फी वाढवील.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी मावशीची नोंद, दंडाशिवाय. मग तिच्या गल्लीतल्या सेविकेशी तिची गाठ: मुलांचं वजन तिथेच, आहार तिथेच, खेळणी-गाणी शिकवायला महिन्यातून एक दुपार. त्या दुपारचे पैसे सेविकेला वेगळे; फुकटची कामं तिच्यावर पुरेशी लादून झाली आहेत. तपासणी त्यानंतर, आणि फक्त दोन गोष्टींची: मूल सुरक्षित आहे का, आणि एका बाईमागे पोरं किती.

केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. बोनकोड्यासारख्या गावात ती अडते जागेवर. अंगणवाडीच्या भाड्यासाठी केंद्राच्या 2018 च्या निकषांत शहरी भागाला 4 हजार आणि महानगराला 6 हजार धरले होते. एवढ्यात इथे पोरांना निजायला पुरेल अशी खोली कोण देईल? सिडकोने शहराचे विभाग आखताना शाळा, बागा, बाजार यांना भूखंड राखले. गावठाणं त्या आखणीबाहेर राहिली. तेव्हा बेलापूरच्या आयुक्तालयाने मंत्रालयाकडे फाइल पाठवण्याआधी त्याच बेलापुरातल्या सिडको भवनात जावं, आणि दर गावठाणामागे दोन खोल्या मागाव्यात.