तीच लेक, की दुसरी?

नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला तुळिंज, पश्चिमेला जुनं सोपारा. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला बौद्ध स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडेही याच पंचक्रोशीत मिळाले. जन्म, लग्न अशा वेळी बायका जे मंगलविधी करतात, त्यांना नवव्या लेखात अशोक क्षुल्लक म्हणतो. पण आईच्या आठवणी धरून राहतात त्या अशाच प्रसंगांना. तुळिंजच्या वन-रूम-किचनमध्ये बारशाचं आंगडं-टोपडं कपाटाच्या तळाशी असतं, लेक चर्चगेट लोकलने नोकरीला जाऊ लागली तरी. "अजून तश्शीच आहे गं ही," आई शेजारणीला सांगते.

खरंच तशीच असते?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन यवन राजा मिलिंदाला हाच पेच घालतो. उताणं पडलेलं तान्हं बाळ आणि आताचे आपण एकच का, महाराज? राजा नाही म्हणतो. मग गर्भाची आई एक आणि मोठ्या झालेल्याची आई दुसरी म्हणायची का? राजा तेही नाकारतो आणि उलट नागसेनालाच विचारतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच नसते, वेगळीही नसते, असं नागसेन समजावतो. अनित्यतेच्या वादात साक्षीला आई यावी, हे फार मोलाचं वाटतं.

कथेत हा पेच सर्वांत प्रामाणिकपणे पेलला तो टिली ओल्सन या अमेरिकन लेखिकेने. ‘आय स्टँड हिअर आयर्निंग’ ही तिची कथा १९६१ च्या ‘टेल मी अ रिडल’ या संग्रहात आहे. एकोणीस वर्षांच्या एमिलीबद्दल बोलायला या, असा आईला निरोप आलाय. ती इस्त्री करता करता मनात आठवत राहते. नवरा सोडून गेलेला, म्हणून लहानगी एमिली त्याच्या माणसांकडे पाठवावी लागली. परतली तेव्हा आईला ती जवळपास अनोळखीच वाटली: बारीक झालेली, बापासारखी भराभर चालणारी, अंगावर लाल रंगाचे हलके कपडे, तोंडावर कांजिण्यांचे व्रण. पुढे तीच एमिली रंगमंचावर लोकांना हसवते आणि ही खरंच एमिली का, असं आईला पुन्हा वाटतं.

आईची आठवण म्हणजे आसक्ती, ती तोडावी, असा उपदेश सर्रास ऐकू येतो. तो अपुरा आहे. बौद्ध भिक्खुणींच्या थेरीगाथेतली उब्बिरी जीवा नावाच्या मेलेल्या लेकीसाठी रानात टाहो फोडते. जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली याच स्मशानात जळल्या, त्यांतल्या कोणासाठी रडतेस, असं तिला विचारलं जातं. पण लेकीला विसर, असं तिथे कुणी म्हणत नाही. स्वतःला ओळख, एवढंच सांगणं आहे.

ओल्सनच्या कथेतली आई तेच करते. लेकीची कैफियत मांडता मांडता ती आपली गरिबी, मंदीचा काळ, आपलं कोवळं वय तपासते. आठ महिन्यांच्या एमिलीला खालच्या मजल्यावरच्या बाईकडे ठेवून कामाला जावं लागलं, तेव्हा ती स्वतः एकोणीस वर्षांचीच होती.