बादली हीच टाकी

विदर्भात थंडी पडली की नीचांकी तापमानाच्या बातमीत बऱ्याचदा गोंदियाचं नाव येतं. त्याच दिवसांत घरोघरी विचार सुरू होतो : गिझर टाकीचा घ्यावा की इन्स्टंट?

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यात कुठल्याही कंपनीला सूट नाही. गच्चीवर रात्रभर गारठलेलं 17 अंशांचं 20 लिटर पाणी 40 अंशांवर न्यायचं, तर अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज जाणारच. ती सावकाश ओढायची की एकदम, एवढंच आपल्या हातात. 2 किलोवॅटचा 15 लिटरचा गिझर बावीस-तेवीस मिनिटांत पाणी 60 अंशांवर नेतो. गार पाणी मिसळलं की त्याचं 28 लिटर होतं. 3 किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला जेमतेम 2 लिटर देतो.

शॉवरखाली ही धार चिडचिड करवते. अमेरिकेत घरभर पुरणारे बिनटाकीचे हीटर 18 ते 27 किलोवॅटचे असतात. आपल्या सिंगल फेजला ते झेपायचे नाहीत. पण तिरोड्यात, आमगावात अजून बादली आहे, आणि बादली म्हणजे तरी काय, टाकीच की! नळ सोडून दहा-अकरा मिनिटं दुसरं काम करा, धार बारीक असल्याचं कळतही नाही. म्हणून दोघांच्या घरात मी इन्स्टंटच सुचवेन. सहा जणांत मात्र सहावी बादली भरायला तास उलटतो. तिथे 25 लिटरची टाकी बरी. फक्त दिवसभर चालू ठेवू नये. टाकीतून नुसती उडून जाणारी उष्णता किती, तेच तर तिच्यावरचे तारे सांगतात.

गावात व्होल्टेज पडतं, हेही धरा. 230चं 180 झालं की 3 किलोवॅटचा इन्स्टंट 1.8वर येतो, आणि पाणी कोमटच राहतं. टाकीला फक्त वेळ जास्त लागतो.

बोअर असेल तर आणखी एक सोय आहे. जमिनीखालचं पाणी वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ, म्हणजे इकडे 26 अंशांच्या आसपास असतं. पहाटे पंप लावून ताजं पाणी घेतलं, तर तोच इन्स्टंट मिनिटाला 3 लिटर देतो आणि बादली सात मिनिटांच्या आत भरते.