झिलई आणि जतन

वस्तू जपणे आणि वस्तू नवी दिसेल असे करणे या दोन गोष्टी आपण बहुधा एकच समजतो. वस्तुतः पुष्कळदा त्यांच्यात विरोध असतो. हा विरोध जुन्या मोटारीच्या रंगावर जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणाच्या दारी अद्यापि एखादी अँबॅसडर उभी असते. कोलकात्याजवळील उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिची निर्मिती २०१४ साली थांबली. तेव्हा ही गाडी आता जुनीच असावयाची. तिच्या आरंभीच्या पिढ्यांवरील रंग एकेरी असे. आजच्यासारखा पारदर्शक थर त्यावर नसे. उन्हाचा मारा थेट रंगावरच होई. त्याने रंगकणांना बांधून ठेवणारे द्रव्य हळूहळू क्षीण होते आणि मोकळे झालेले कण भुकटीसारखे वर राहतात. पांढऱ्या गाडीवरून तळहात फिरविला असता खडू लागल्यासारखा हात पांढरा होतो, तो यामुळेच.

पॉलिश लावून चोळले की ही मृत भुकटी निघून जाते, खालचा ताजा रंग उघडा पडतो आणि गाडी लखलखते. पाहणाऱ्यास वाटते, काही भर पडली. प्रत्यक्षात रंग घटलेला असतो. मुळात त्याची जाडी ती किती? मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास; कडांवर त्याहूनही कमी. दर दिवाळीस अशी झळाळी काढणारा गृहस्थ व्याज नव्हे, मुद्दल खर्चीत असतो. एके वर्षी कडेला अस्तर दिसू लागते, मग पत्रा.

दुसरा मार्ग झाकण्याचा. बदलीचा हुकूम येतो, गाडी विकण्याची निकड लागते. गंजावर पुट्टी भरून वर नवा रंग मारला की किंमत बरी येते. गंज मात्र आत चालूच राहतो आणि घेणाऱ्याच्या पदरात पडतो. येथे प्रश्न सौंदर्याचा उरत नाही, सचोटीचा होतो. नवा रंग देण्यात दोष नाही. त्याखाली काय आहे हे न सांगण्यात आहे.

मग जुना रंग तसाच मरू द्यावा काय? असे आमचे मुळीच म्हणणे नाही. गंज दिसताच तो खरवडून, अस्तर देऊन तेवढी जागा रंगविणे हे कर्तव्यच होय, मग ते ठिगळ उठून का दिसेना. एरवीची निगा साधी आहे. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची चाल सर्वत्र आढळते. परंतु धुळीत बारीक वाळू असते आणि ती रंगावर ओरखडे काढते. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग मऊ ओले फडके फिरवावे. गाडी सावलीत ठेवावी, अधूनमधून मेणाचा पातळ हात द्यावा. मेण झिजेल, रंग वाचेल. पॉलिश क्वचितच, आणि हलक्या हाताने.

या निगेने गाडी चकाकणार नाही, शेजारी थांबून पाहणार नाहीत. आमच्या मते तिची खरी कसोटी हीच. आपले श्रम वस्तूच्या आयुष्यासाठी आहेत की आपल्या मिरविण्यासाठी, हे ज्याने त्याने फडके हाती घेण्यापूर्वी स्वतःस विचारावे. वस्तू आपल्याकडे काही काळापुरतीच असते. ती पुढच्याच्या हाती देताना तिचे वय लपविलेले नसावे आणि आपल्या हौसेने वाढविलेलेही नसावे, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.