कर्णधाराच्या दंडावरचे रंग

३ डिसेंबर २०२४ची संध्याकाळ. इप्सविचच्या पोर्टमन रोड मैदानावर दोन कर्णधार नाणेफेकीसाठी समोरासमोर उभे राहिले. क्रिस्टल पॅलेसचा मार्क गेही जन्माने आबिदजानचा, वाढला लंडनमध्ये, वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. इप्सविच टाउनचा सॅम मॉर्सी इंग्लंडमध्येच जन्मलेला, इजिप्तकडून खेळलेला, मुस्लिम. समलिंगी खेळाडू आणि प्रेक्षकांना फुटबॉलमध्ये आपलेपणा वाटावा म्हणून प्रीमियर लीगच्या वीसही कर्णधारांनी त्या दिवसांत दंडावर इंद्रधनुषी पट्टी बांधावी, असे ठरले होते. गेहीने ती बांधली होती, पण तिच्यावर मार्करने लिहिले होते : येशूचे तुमच्यावर प्रेम आहे. तीन दिवस आधी न्यूकॅसलविरुद्ध त्याने ‘माझे येशूवर प्रेम आहे’ असे लिहिले होते. पोशाखावर धार्मिक मजकूर चालत नाही, अशी समज फुटबॉल असोसिएशनने देऊनही त्याने पुन्हा लिहिले. मॉर्सीच्या दंडावर मात्र नेहमीची साधी पट्टी होती. वीस जणांत इंद्रधनुष्य नाकारणारा तो एकटा.

दोघांवरही कारवाई झाली नाही, आणि ते योग्यच झाले. पण त्या आठवड्यातला वाद ‘श्रद्धा विरुद्ध समावेश’ असाच रंगवला गेला. मला ही मांडणीच चुकीची वाटते.

ही मोहीम सुरू झाली बुटांच्या नाड्यांपासून. २०१३ साली स्टोनवॉल या संस्थेने ब्रिटनमधल्या व्यावसायिक क्लबांना इंद्रधनुषी नाड्या पाठवल्या. ज्याला वाटेल त्याने ओवाव्यात. नाडी ही खेळाडूची स्वतःची वस्तू. ती बांधली तर मित्राला दिसते, न बांधली तर त्याची बातमी होत नाही. कर्णधाराची पट्टी तशी नाही. ती माणसाची नसते, पदाची असते. आज याच्या दंडावर, उद्या त्याच्या. पदाच्या खुणेवर मत छापले की ते पद सांभाळणाऱ्याला गप्प राहण्याची सोयच उरत नाही. बांधली तर कबुली, न बांधली तर नकार. मॉर्सी मैदानावर काहीही बोलला नव्हता, तरी त्याच्याकडून एक जाहीर विधान वदवून घेतले गेले. त्याच आठवड्यात मँचेस्टर युनायटेडने सामन्याआधी घालायची इंद्रधनुषी जाकिटे रद्द केली, कारण संघातल्या नुसैर मझरावीने श्रद्धेचे कारण देऊन जाकीट घालायला नकार दिला होता आणि त्याला एकट्याला वेगळे पाडायचे नव्हते. एकाचा नकार झाकायचा म्हणून सगळ्यांचाच होकार मागे घ्यावा लागला.

खेळाच्या नियमांत राजकीय, धार्मिक आणि वैयक्तिक घोषणांना पोशाखावर जागा नाही. इंद्रधनुष्य यांपैकी कशातच मोडत नाही, ते केवळ स्वागत आहे, असे लीग मानते. स्वागत आहे हे मलाही मान्य आहे. पण खुणेचा अर्थ ती देणारा एकटा ठरवत नाही. दर नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश क्लबांच्या शर्टांवर युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ लाल पॉपी येते. बहुतेकांना त्यात राजकारण दिसत नाही. आयरिश फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीनला दिसते. तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या क्रेगन वस्तीत वाढला, आणि ३० जानेवारी १९७२ रोजी त्याच शहरात ब्रिटिश सैनिकांनी नि:शस्त्र निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या. वर्षानुवर्षे शिव्या खात त्याने ती पॉपी नाकारली. त्याचा नकार ज्यांना समजतो, त्यांनी मॉर्सीचाही समजून घ्यायला हवा.

फ्रान्सने सक्तीचा रस्ता धरला. पॅरिस सेंट जर्मेनचा इद्रिसा गेये २०२२मध्ये इंद्रधनुषी आकड्यांच्या सामन्यातून बाहेर राहिला, तेव्हा त्याच्याकडे खुलासा मागितला गेला. मोनॅकोच्या मोहम्मद कामाराने मे २०२४मध्ये शर्टावरचे समलिंगीद्वेषाविरोधी बोधचिन्ह चिकटपट्टीने झाकले, त्याला चार सामन्यांची बंदी झाली. याच देशाच्या फुटबॉल महासंघाने हिजाब घालून खेळायला मनाई केली आहे आणि २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती कायम ठेवली. एकीच्या डोक्यावरचे काढून घ्यायचे, दुसऱ्याच्या छातीवर लावायचे. दोन्ही वेळी खेळाडूचे शरीर हा फलकच. अशा सक्तीतून जे उरते त्याला आपल्याकडे देखल्या देवा दंडवत म्हणतात. तेवढ्याने कुणा समलिंगी मुलाला ड्रेसिंगरूम सुरक्षित वाटेल, यावर माझा विश्वास नाही.

मात्र श्रद्धेला सूट कुठे संपते, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. गॅलरीतून होणारी समलिंगींची हेटाळणी, सरावातले टोमणे, सहकाऱ्याला वाळीत टाकणे यांना कोणताही धर्म परवाना देऊ शकत नाही. चेल्सीच्या खेळाडूंना आणि पाठीराख्यांना उद्देशून वर्षानुवर्षे दिली जाणारी एक समलिंगीद्वेषी घोषणा हा द्वेषगुन्हा ठरू शकतो, असे इंग्लंडच्या सरकारी अभियोग विभागाने जानेवारी २०२२मध्ये स्पष्ट केले. मला ते पाऊल शंभर पट्ट्यांहून मोलाचे वाटते. तिथे कुणाला काय वाटते हे विचारलेले नाही. कसे वागायचे एवढेच सांगितले आहे.

म्हणून दोघांपैकी मॉर्सीचा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. त्याने नाही म्हटले आणि तो बाजूला झाला. गेहीच्या मनातल्या प्रेमावर मी शंका घेत नाही. पण ती पट्टी दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून होती, आणि दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रावर आपण आपला मजकूर लिहीत नाही. ‘देवाचे तुझ्यावर प्रेम आहे’ या वाक्याच्या पाठोपाठ ‘पण’ येतो, हे अनेक समलिंगी मुलांनी घरातच ऐकलेले असते. मैदानावर तो ‘पण’ लिहिलेला नव्हता. त्यांना तो तरीही ऐकू आला असणार.

पुढे २०२५मध्ये लीगने या मोहिमेतली स्टोनवॉलशी असलेली भागीदारी संपवली आणि स्वतःची वेगळी मोहीम राबवायचे ठरवले.

या सगळ्या वादात मला जस्टिन फॅशानू आठवत राहतो. १९८१मध्ये नॉर्विचहून नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला तेव्हा दहा लाख पौंडांची बोली लागलेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश फुटबॉलपटू होता. तो समलिंगी पुरुषांच्या क्लबांत जातो हे कळल्यावर व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांनी त्याला संघासोबत सराव करायला बंदी केली. १९९०मध्ये त्याने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले, तेव्हा सख्ख्या भावाने चारचौघांत पाठ फिरवली. पुढे भावाने त्याचा पश्चात्तापही बोलून दाखवला. मे १९९८मध्ये, सदतिसाव्या वर्षी, जस्टिनने आत्महत्या केली. त्याच्यानंतर ब्रिटनमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळत असतानाच तसे जाहीर करणारा पुरुष खेळाडू थेट २०२२मध्ये आला, ब्लॅकपूलचा सतरा वर्षांचा जेक डॅनियल्स.

जस्टिनबद्दल एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. नॉटिंगहॅमच्या त्या वाईट दिवसांत तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला होता, आणि ती श्रद्धा त्याने मनापासून धरली होती. पोर्टमन रोडवरच्या त्या पट्टीचे रंग त्याच्यासारख्यांसाठी होते, आणि वर मार्करने लिहिलेले वाक्यही.