अर्धवट सोडलेलं पुस्तक

पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार पूर्वी फक्त स्ट्रॉबेरीसाठी ठाऊक होतं. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. राज्याच्या मराठी भाषा विभागानं पुस्तकं दिली, गावकऱ्यांनी स्वतःच्या घरातल्या खोल्या. कुणाकडे इतिहास, कुणाकडे कविता, कुणाकडे बालसाहित्य. आत जा, बसा, वाचा. पैसे नाहीत.

फुकट वाचण्यातली गंमत मुलांना आधी कळते. विकत आणलेलं पुस्तक मुलानं दहाव्या पानावर टाकलं, की आपला जीव कळवळतो. ‘एवढे पैसे घातले, आता पूर्ण वाच!’ वाचनालयात तसं नसतं. नाही आवडलं, परत करा, दुसरं घ्या. असं चार पुस्तकं टाकून पाचवं धरणाऱ्या मुलाची आवड त्याची स्वतःची असते, आपण लावलेली नसते.

घरालाही वाचनालयाचा लाभ होतो. वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना लावलेली घरं आठवा. एक अंक चारजणांच्या हातून फिरतो. आजोबांनी अंक दाबून ठेवला म्हणून नात भांडते. असली भांडणं व्हावीत.

एक खटकतं. कितीतरी वाचनालयांत मुलांची पुस्तकं अजून कुलपाच्या काचकपाटात असतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी तर १९३१ सालीच वाचकाला थेट कपाटापाशी जाऊ द्या, असं आग्रहानं मांडलं होतं. काही पुस्तकं फाटतील. फाटू देत, डिंकाची बाटली महाग नाही. आणि मुलांचा कप्पा तेवढा खाली ठेवा, सहा वर्षांच्या पोराचा हात पोचेल इतका.