पोपटाची जात

आमच्या वाशीमकडे कोणी पोपट पाळण्याची गोष्ट काढली की पहिला प्रश्न येतो, ‘जात कोणती?’ साधा राघू की पहाडी? जातीवरून आकाराचा व आयुर्मानाचा अदमास बांधता येतो, हे आम्हांस मान्य आहे. स्वभावाचा येत नाही. बाणाच्या कादंबरीतील शूद्रक राजाने वैशंपायन पोपटास विचारली ती त्याच्या जन्माची आणि पिंजऱ्यात येण्याची हकीकत.

कायदा मात्र जात पाहतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडील राघू पाळण्यास मनाई आहे, व ती योग्यच आहे. एकेकाचा स्वभाव पाहून सवलती देऊ लागलो तर रान ओस पडावयाचे. शिवाय पिंजऱ्यात घातल्यावाचून तो स्वभाव कळावा कसा?

आयरीन पेपरबर्ग या विदुषीने १९७७ साली शिकागोच्या एका दुकानातून राखी आफ्रिकी पोपट घेतला. निवड तिने मुद्दाम दुकानातील माणसावर सोपविली. तिला जातीचा कोणताही एक नमुना हवा होता. तोच पुढे ॲलेक्स झाला. तो रंग, आकार व संख्या सांगे, आणि कंटाळला म्हणजे ‘परत जायचे’ म्हणे. २००७ साली तो वारला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्या नावाने मृत्युलेख छापले. दुकानात मात्र त्याला नावही नव्हते.